कोस्लर यांचे खझर: जकातीवर जगलेलं राज्य आणि भरकटलेलं पुस्तक

आज एकच पुस्तक घेऊन बोलणार आहे. आर्थर कोस्लर यांचं १९७६ सालचं ‘द थर्टीन्थ ट्राइब’, म्हणजे ‘तेरावा वंश’. इस्राएलचे बारा वंश बायबलमध्ये येतात, त्यांच्या पुढचा हा तेरावा, असं कोस्लर यांना सुचवायचं आहे. मध्ययुगात व्होल्गा नदी आणि कॉकेशस पर्वत यांच्या मधल्या गवताळ प्रदेशावर राज्य करणारे खझर नावाचे तुर्की लोक, त्यांच्या राजघराण्याने स्वीकारलेला यहुदी धर्म, आणि पुढे त्या लोकांचं काय झालं, असा पुस्तकाचा विषय आहे.

हे पुस्तक का घ्यायचं? खझर हा शब्द आज ज्याच्या कानावर येतो, त्याच्या कानावर तो बहुतेक वेळा या पुस्तकामार्फत येतो म्हणून. त्याने पुस्तक वाचलेलं नसतं, पण पुस्तकातलं एक वाक्य त्याच्यापर्यंत पोहोचलेलं असतं: ‘युरोपातले यहुदी खरे यहुदी नव्हेतच, ते खझर.’ गेल्या महिन्याच्या व्याख्यानाखाली आलेल्या प्रश्नांतही हे वाक्य दोनदा होतं, एकदा प्रश्न म्हणून आणि एकदा उत्तर म्हणून.

कोस्लर हे नाव आपल्याकडच्या जुन्या वाचकांना परकं नाही. १९०५ साली बुडापेस्टला जन्म, आधी कम्युनिस्ट, मग कम्युनिझमचे कडवे टीकाकार. १९४०ची ‘डार्कनेस ॲट नून’ ही कादंबरी त्यांचीच. ते भारतात येऊन विनोबांना भेटून गेले होते आणि त्यावर लिहिलेल्या ‘द लोटस अँड द रोबो’ या पुस्तकावर भारतात बंदी आली होती, गांधींवरच्या लिखाणामुळे. म्हणजे ज्या विषयात इतरांनी आयुष्य घातलं त्यात थोड्या दिवसांत शिरायचं, उत्तम लिहायचं आणि ठाम बोलायचं, ही त्यांची जुनीच खोड. ती खोड इथेही आहे, गुणांसकट.

पुस्तकाचे दोन भाग आहेत, चार-चार प्रकरणांचे. पहिल्या भागात खझरांचा उदय, धर्मांतर, उतरण आणि अंत. दुसऱ्या भागात त्यांचा ‘वारसा’. माझं मत आधीच सांगतो. पहिला भाग आजही वाचावा असा आहे, दुसरा भाग पुराव्यावर उभा राहत नाही. आणि दुसऱ्याचं बी पहिल्यातच पडलेलं आहे, कारण कोस्लर पहिल्या पानापासून ‘हे लोक पुढे कोण झाले’ या प्रश्नाकडे डोळे लावून बसले आहेत. त्यामुळे ‘हे लोक होते तेव्हा नेमके काय करत होते’ हा प्रश्न त्यांच्या हातून निसटतो. आज त्या निसटलेल्या प्रश्नावरच जास्त वेळ घालवणार आहे.

नकाशा डोळ्यांपुढे आणा. उत्तरेकडून व्होल्गा येते आणि कॅस्पियन समुद्राला मिळते. पश्चिमेला डॉन नदी, ती काळ्या समुद्राच्या बाजूला जाते. एका ठिकाणी या दोन नद्या अगदी जवळ येतात. दक्षिणेला कॉकेशसची भिंत, आणि तिच्यातून जायला समुद्रकाठाने एक चिंचोळी वाट, दरबंदची. नावातच ‘दर’ आणि ‘बंद’ आहे, फारसी येणाऱ्याला वेगळं सांगायला नको. या सगळ्या वाटा ज्याच्या हातात, त्याला शेतीही फारशी करायला नको आणि कारखानेही चालवायला नकोत. सातव्या शतकात पश्चिमी तुर्कांचं मोठं साम्राज्य फुटलं तेव्हा त्याच्या तुकड्यांतून खझर पुढे आले आणि या जागेवर बसले. पुढची तीनशे वर्षं ते तिथून हलले नाहीत.

त्यांची पहिली ओळख जगाला झाली ती अरबांशी झालेल्या युद्धांतून. ६५२ साली बलंजर या खझर शहरापाशी अरबांचा सेनापती मारला गेला. ७३० साली खझर उलट दक्षिणेत घुसले आणि इराणमधल्या अर्दबीलपाशी त्यांनी अल-जर्राह या अरब सुभेदाराची फौज कापून काढली, तोही पडला. मग ७३७ साली मरवान, जो पुढे उमय्या घराण्याचा शेवटचा खलिफा झाला, थेट व्होल्गापर्यंत गेला. त्याने खझरांच्या खागानला, म्हणजे सम्राटाला, इस्लाम कबूल करायला लावला. आणि परत फिरला. खागानचा तो इस्लामही फार टिकला नाही.

यावर कोस्लर एक मोठं विधान करतात. खझर नसते तर अरब पूर्व युरोपात शिरले असते आणि युरोपचा इतिहास वेगळा झाला असता, असं. हे विधान त्यांनी इतिहासकार डनलप यांच्याकडून घेतलं आहे, आणि ऐकायला छान वाटतं. पण पाहा: मरवान जिंकूनही का परतला? व्होल्गाच्या काठावर फौज ठेवायची तर तिला खायला घालायला मागून काय येणार होतं? कॉकेशसच्या पलीकडे ठाणं राखणं हे हरल्यावर जितकं कठीण, तितकंच जिंकल्यावरही कठीण होतं. पुढे तेरा वर्षांत उमय्यांचं राज्यच गेलं. खझरांनी युरोप वाचवला असं म्हणताना आपण त्यांना युरोपचे पहारेकरी करून टाकतो. ते स्वतःच्या वाटा राखत होते. युरोप वाचवणं हे त्यांच्या हिशेबात कुठे नव्हतं.

कॉन्स्टँटिनोपलचे सम्राट मात्र त्यांचं वजन बरोबर ओळखून होते. सम्राट दुसरा जस्टिनियन पदच्युत होऊन पळाला तेव्हा त्याने खागानच्या बहिणीशी लग्न केलं. पुढे पाचव्या कॉन्स्टंटाइनसाठी खझर राजकन्या आणली, ७३२च्या सुमारास. तिचं नाव चिचक, तुर्कीत फूल. बाप्तिस्म्यानंतर ती आयरीन झाली. तिच्या पोषाखावरून दरबारातल्या एका वस्त्राला ‘त्झित्झाकिऑन’ नाव पडलं असं मानतात, आणि तिचा मुलगा चौथा लिओ इतिहासात ‘खझर लिओ’ म्हणूनच ओळखला जातो. बायझँटिन सम्राटांनी परक्या घराण्यांत सोयरीक करणं ही त्या काळी रोजची गोष्ट नव्हती. ही मुलगी आली ती खझरांकडे त्या वाटा होत्या म्हणून.

आता मुख्य मुद्द्याकडे. दहाव्या शतकातला भूगोलकार अल-इस्तख्री खझरांबद्दल लिहिताना एक साधी नोंद करतो. मला वाटतं खझरांवरच्या सगळ्या लिखाणात एवढं महत्त्वाचं वाक्य दुसरं नाही. तो म्हणतो की खझरांच्या देशातून बाहेर जाणाऱ्या मालापैकी त्यांच्या स्वतःच्या देशात तयार होणारी वस्तू एकच, माशांचा सरस. बाकी मध, मेण, कातडी, फर सगळं दुसऱ्यांकडून येतं आणि त्यांच्या हातून पुढे जातं. त्यांचं मुख्य अन्नही तो सांगतो: भात आणि मासे. कोकणातल्या माणसाला लगेच आपलेपणा वाटेल, पण आपण पुढे जाऊ.

ज्या साम्राज्याने अरबांना शंभर वर्षं झुंजवलं, त्याचा स्वतःचा निर्यातीचा माल काय, तर सरस. मग पैसा कुठला? जकातीचा. जाणाऱ्या-येणाऱ्या मालाचा दहावा हिस्सा. खझरांची राजधानी इतील व्होल्गाच्या मुखाजवळ होती, नदीच्या दोन्ही काठांवर. एका बाजूला राजा आणि त्याची माणसं, दुसऱ्या बाजूला व्यापारी, त्यांत मुसलमान पुष्कळ. इस्तख्री दहा हजारांवर मुसलमान आणि तीसेक मशिदी सांगतो. घरं नमद्याच्या तंबूंची, थोडी मातीची. विटांचा वाडा एकट्या राजाचा, इतर कुणाला विटांत बांधायची परवानगी नव्हती. उन्हाळा आला की लोक शहर सोडून शेतांवर आणि कुरणांवर जायचे. म्हणजे राजधानी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे येतं, तसलं हे शहर नव्हतं. हा एक प्रचंड मोठा जकातनाका होता, आणि त्याच्या भोवती हिवाळ्यात माणसं राहायला यायची.

जकातीखेरीज खंडणी. रशियाच्या जुन्या इतिवृत्तात आहे की व्यातिची नावाचे स्लाव लोक खझरांना नांगरामागे एक नाणं द्यायचे. कीव्हच्या पोल्यान लोकांनी चुलीमागे एक तलवार दिली, तेव्हा खझर वडीलधारे घाबरले म्हणे: आपल्या तलवारी एका धारेच्या, यांच्या दुधारी, हे एक दिवस आपल्याकडूनच वसूल करतील. ही गोष्ट उघडच मागाहून रचलेली आहे, खझर पडल्यावर. पण चूल आणि नांगर मोजून वसुली करणारं राज्य म्हणजे हिशेब ठेवणारं राज्य, एवढं त्यातून कळतं. वर उत्तरेला व्होल्गाकाठचे बल्गार घरटी एक सेबलचं कातडं देत होते. त्यांच्या राजाचा मुलगा खझरांकडे ओलीस होता आणि मुलगी जबरदस्तीने नेली होती. ती तिथे मेली, तर दुसरीची मागणी आली.

ही शेवटची माहिती इब्न फद्लानची, बगदादच्या खलिफाच्या वकिलातीतून ९२१-२२ साली बल्गारांकडे गेलेल्या माणसाची. कोस्लर यांचा हा लाडका साक्षीदार. पुस्तकात ते त्याचे उतारेच्या उतारे देतात, आणि खरंच, त्याच्यासारखा बघणारा माणूस विरळा. पण इथे वाचकाने थांबायला हवं. इब्न फद्लान खझरांच्या देशात गेलाच नव्हता. बल्गारांकडे राहून, म्हणजे खझरांना वैतागलेल्या मांडलिकाच्या अंगणात बसून, जे कानावर आलं ते त्याने लिहिलं. खागानला पंचवीस बायका, चाळीस वर्षांहून जास्त राज्य केलं तर त्याला ठार करतात, त्याची कबर नदीखाली असते, हे सगळं ऐकीव आहे. इस्तख्री वेगळंच सांगतो: नव्या खागानचा गळा रेशमी दोरीने आवळतात आणि तो गुदमरत असताना विचारतात, किती वर्षं राज्य करणार? तो जो आकडा बोलेल तेवढीच वर्षं. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असणं अवघड आहे. कोस्लर दोन्ही चवीने सांगतात आणि त्यांतल्या कुठलीला किती किंमत द्यायची हे वाचकावर सोडून पुढे जातात.

दोन्ही साक्षीदार ज्यावर सहमत आहेत ते मात्र धरून ठेवण्यासारखं आहे. खझरांना दोन राजे होते. खागान पवित्र, दिसायचा नाही, कारभार करायचा नाही. फौज, वसुली, युद्ध सगळं दुसऱ्याकडे, ज्याला बेग म्हणत. आपल्याला लगेच सातारा आणि पुणे आठवतं, पण ती तुलना ताणू नका. खागानकडे देवत्व होतं आणि दुष्काळ पडला, लढाई हरली तर तो बळी जाऊ शकत होता. अशी दोन माणसांची रचना जकातीच्या राज्याला फार सोयीची. एकजण आभाळाशी नातं सांभाळतो, दुसरा नाक्यावर बसतो.

आणि फौज? तीही विकतची. मसूदी हा अरब इतिहासकार सांगतो की राजाजवळ ख्वारज्मकडून आलेले मुसलमान घोडेस्वार होते, अर्सिया नावाचे, सात हजार तिरंदाज. त्यांची नोकरीची अट अशी: मुसलमानांविरुद्ध लढाई असेल तर आम्ही वेगळे उभे राहू. ही अट यहुदी राजाने मान्य केली होती! शहरात सात न्यायाधीश होते, दोन मुसलमानांसाठी, दोन यहुदींसाठी, दोन ख्रिस्त्यांसाठी आणि एक स्लाव, रूस वगैरे मूर्तिपूजकांसाठी.

कोस्लर यांना इथे सहिष्णुता दिसते. अंधारयुगातल्या युरोपच्या शेजारी एक उदार, सुसंस्कृत राज्य. मला इथे दुकानदार दिसतो. बाजार चालायचा असेल तर प्रत्येक गिऱ्हाइकाचा तंटा त्याच्या रीतीने मिटवावा लागतो. इब्न फद्लानच्या वृत्तांतातच याचा पुरावा आहे. ९२२ साली मुसलमानांच्या मुलखात एक सिनेगॉग पाडलं गेल्याची बातमी खझर राजाला कळली. त्याने राजधानीतल्या मशिदीचा मनोरा पाडला आणि बांग देणाऱ्यांना ठार केलं. आणि म्हणाला, इस्लामी देशांतलं एकेक सिनेगॉग पाडतील ही भीती नसती, तर मशीदच पाडली असती. हा माणूस उदार आहे की क्रूर, हा प्रश्नच इथे लागू पडत नाही. तो मोजतो आहे: किती मारलं की हिशेब बरोबर होईल आणि व्यापार तुटणार नाही. या हिशेबात ज्यांची डोकी गेली ते बांगी होते, राजाचं काही गेलं नाही, हे कोस्लर यांनी जरा ठसवून सांगायला हवं होतं.

आता धर्मांतर. याच्यामुळेच खझर प्रसिद्ध आहेत. कोस्लर यांचं म्हणणं असं की एका बाजूला ख्रिस्ती बायझँटिन, दुसऱ्या बाजूला मुसलमान खिलाफत, दोघांपैकी कुणाचा धर्म घेतला की त्याचं मांडलिकत्व आलं, म्हणून राजाने तिसरा घेतला. कल्पना जुनी आहे, पटण्यासारखीही आहे. पण धर्मांतर झालं तरी केव्हा आणि कुणाचं, हे पुराव्यात पाहावं लागतं. मसूदी म्हणतो हारून अल-रशीदच्या काळात, म्हणजे ७८६ ते ८०९मध्ये. ८६४च्या आसपास स्टाव्हलोचा ख्रिश्चन नावाचा एक मठवासी लिहून ठेवतो की गझारी यहुदी धर्म पाळतात. आणि १९९९ साली स्वीडनच्या गॉटलंड बेटावर स्पिलिंग्ज या ठिकाणी चांदीचा मोठा साठा सापडला, त्यात चौदा हजारांवर नाणी. त्यांतलं एक अरबी दिरहमची नक्कल असलेलं खझर नाणं, ८३७-३८चं. नेहमीच्या नाण्यावर मुहम्मद यांचं नाव जिथे असतं, तिथे यावर आहे: मूसा अल्लाहचा प्रेषित.

हे नाणं कोस्लर यांना मिळालं नव्हतं. मिळालं असतं तर त्यांनी नाचवलं असतं. पण नाणं काय सांगतं ते नीट बघा. लिपी अरबी, भाषा अरबी, घडण अरबी, कारण बाजारात अरबी दिरहमच चालतो. त्या चालत्या नाण्यात राजाने आपला एक शब्द घुसवला. राज्याची सगळी तऱ्हा त्या एका तुकड्यात दिसते.

हे धर्मांतर झालंच नाही असंही म्हणणारे अभ्यासक आहेत. मोशे गिल, शाऊल स्टांप्फर यांनी अलीकडे तसं लिहिलं आहे. मला ते टोकाचं वाटतं. बाहेरचे इतके वेगवेगळे लोक, एकमेकांशी संबंध नसलेले, एकच गोष्ट सांगतात आणि वर हे नाणं. पण त्यांच्या शंकेतून एक गोष्ट घ्यावी लागते: राजाचं धर्मांतर आणि प्रजेचं धर्मांतर या दोन गोष्टी आहेत. आणि इथे पुन्हा इस्तख्री. तो स्पष्ट लिहितो की राजा आणि त्याचा दरबार यहुदी आहे, पण देशात यहुदी संख्येने सगळ्यांत कमी, मुसलमान आणि ख्रिस्ती जास्त, मूर्तिपूजकही आहेत. कोस्लर यांच्या दुसऱ्या भागाची सगळी इमारत ज्या पायावर उभी आहे, की खझर प्रजा मोठ्या संख्येने यहुदी होती, तो पाया या एका नोंदीने हलतो. ज्या इस्तख्रीच्या दोरीची गोष्ट कोस्लर रंगवून सांगतात, त्याची ही साक्ष मात्र त्यांना अडवत नाही.

राज्य पडलं कसं? ९६५ साली कीव्हचा राजा स्व्यातोस्लाव डॉनवरचा सार्केल किल्ला घेतो, आणि त्या सुमारास इतीलही जातं. सार्केलवर एक मिनिट, कारण ती गोष्ट चांगली आहे. हा किल्ला ८४०च्या सुमारास बांधला खझरांसाठी, पण बांधणारा बायझँटिन सम्राट थिओफिलसचा माणूस पेत्रोनास. तिथे चांगला दगड नाही, म्हणून त्याने भट्ट्या लावून विटा पाडल्या. पुढे सोव्हिएत काळात अर्तामोनोव्ह यांनी तिथे उत्खनन केलं, आणि मग १९५२ साली धरणाचं पाणी भरलं. आज सार्केल त्स्यिम्ल्यान्स्क जलाशयाच्या तळाशी आहे. आपल्याकडे धरणाखाली गेलेली गावं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे वेगळं समजवायला नको.

तर कोस्लर यांच्या मते खझर पडले ते रूसांच्या, म्हणजे व्हायकिंगांच्या ताकदीमुळे. शेवटचा घाव तोच, यात वाद नाही. पण जकातीवर जगणारं राज्य तलवारीआधी हिशेबात मरतं. दहाव्या शतकात इस्लामी चांदी उत्तरेकडे जायची मुख्य वाट बदलली. समरकंद-बुखाऱ्याच्या सामानी राजांचे दिरहम ख्वारज्मवरून काफिल्यांनी थेट व्होल्गा बल्गारांकडे जाऊ लागले, इतीलला वळसा घालून. टॉमस नूनन यांनी नाण्यांच्या साठ्यांवरून हे दाखवलं. आता बल्गार राजा आठवा, ज्याची मुलगी नेली होती. त्याने बगदादच्या खलिफाकडे काय मागितलं? धर्म शिकवणारी माणसं, आणि खझरांविरुद्ध किल्ला बांधायला पैसे. हे सगळं कोस्लर यांच्याच पानांवर आहे. त्यांनी ते एका त्रस्त राजाची कहाणी म्हणून सांगितलं. मला ती नाका चुकवायची अर्जी वाटते.

खझरांचा राजा योसेफ याचं एक पत्र उपलब्ध आहे, कॉर्डोव्हाच्या दरबारातला यहुदी मंत्री हस्दाई इब्न शाप्रूत याला धाडलेलं. राज्य पडायच्या थोडं आधीचं. तो लिहितो, मी नदीचं मुख राखून बसलोय, रूसांना सोडलं तर ते बगदादपर्यंत सगळा मुलूख उद्ध्वस्त करतील. अभिमानाने लिहिलंय. त्या क्षणी त्याच्या नाक्यावरून जाणारा माल घटत चालला होता. पुढे काही वर्षांत इब्न हौकल हा प्रवासी समंदर या खझर शहरातल्या प्रसिद्ध द्राक्षमळ्यांबद्दल विचारतो, तेव्हा त्याला उत्तर मिळतं की तिथे आता काही उरलेलं नाही.

इथपर्यंत पुस्तकाचा पहिला भाग. मी त्याच्याशी भांडलो, पण सामग्री बहुतेक त्यात आहे, आणि ललित लेखकाने इतकं एकत्र आणणं ही छोटी गोष्ट नाही.

दुसऱ्या भागात ते म्हणतात, हे यहुदी खझर पश्चिमेला गेले आणि पोलंड-लिथुएनियाच्या यहुदींचा मोठा भाग तेच. ही कल्पना त्यांची नव्हे. रेनाँ यांनी १८८३च्या एका व्याख्यानात तिला हात घातला होता, तेल अव्हीवचे अब्राहाम पोल्याक यांनी १९४०च्या दशकात तिच्यावर पुस्तक लिहिलं. कोस्लर ज्या डनलप यांच्या १९५४च्या ग्रंथावर पावलोपावली टेकतात, ते मात्र या शेवटच्या पायरीवर थांबले होते. पुरावा इतकं सांगत नाही, असं म्हणून. गुरू थांबला तिथे शिष्याने उडी मारली.

पुरावा का नाही, ते थोडक्यात. या यहुदींची भाषा यिडिश. ती मुळात जर्मन, त्यात हिब्रू आणि स्लाव. तुर्की भाषा बोलणारे लाखो लोक पूर्वेकडून आले असते तर तुर्कीचा थर कुठे गेला? चूल, नाती, घोडा, शिव्या, काहीतरी उरायला हवं होतं. अलीकडच्या जनुकीय अभ्यासांत, बेहार आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१३च्या कामात, खझर मुळाला आधार मिळाला नाही. उलट बाजूने एल्हाइक यांनी जे लिहिलं त्यात खझरांच्या जागी आजचे जॉर्जियन आणि आर्मेनियन धरले होते, आणि ते खझर नव्हेत.

खुद्द योसेफचं पत्रही कोस्लर यांनी आपल्या बाजूने वापरलं आहे. त्यात राजा आपली वंशावळ नोहाचा मुलगा याफेथ याच्यापासून सांगतो, शेमपासून नव्हे. म्हणजे आम्ही अब्राहामाच्या रक्ताचे नाही हे राजा स्वतः उघड सांगतो, आणि तरीही यहुदी आहे. कोस्लर यातून रक्ताचा निष्कर्ष काढतात. मला यात उलट दिसतं. योसेफला स्वतःला रक्ताची अडचण वाटतच नव्हती.

असं असताना कोस्लर यांनी हे का लिहिलं? हेतू चांगला होता, आणि म्हणूनच हे पुस्तक आज वाचायला पाहिजे. त्यांचा विचार असा: यहुदींचा द्वेष ‘सेमिटिक वंश’ या कल्पनेवर चालतो. युरोपातले यहुदी सेमिटिक नाहीतच असं सिद्ध केलं तर द्वेषाच्या पायाखालची जमीन जाईल. इस्राएलच्या अस्तित्वाचा हक्क अब्राहामाच्या करारावर नसून १९४७च्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्णयावर उभा आहे, असंही त्यांनी पुस्तकात बजावून ठेवलं. आणि झालं काय? द्वेष करणाऱ्यांनी हेच पुस्तक उचललं. ‘बघा, हे खोटे यहुदी, तोतये.’ कोस्लर यांची पुस्तकातली ताकीद कुणी उचलली नाही, सिद्धांत तेवढा उचलला. द्वेषाला वंशाचा पुरावा लागतो अशी त्यांची समजूत होती. द्वेषाला तो लागत नाही. हातात आला तर वापरतो, हातातून काढून घेतला तर दुसरा शोधतो.

दुसऱ्या टोकाला सोव्हिएत रशियात काय झालं तेही बघण्यासारखं आहे. अर्तामोनोव्ह यांनी खझरांना रशियाच्या आरंभीच्या इतिहासात मानाचं स्थान दिलं, तर १९५१ साली ‘प्रावदा’त त्यावर टीका आली, की खझरांचं महत्त्व फुगवलं जातंय. यहुद्यांविरुद्धच्या मोहिमेचा तो काळ. १९६२ साली त्यांचा मोठा ग्रंथ निघाला तो सांभाळून लिहिलेला. त्याचं संपादन करणारे लेव गुमिल्योव्ह यांनी पुढे खझरांना विषारी संकर ठरवलं, जणू व्यापारी यहुद्यांनी एका निरोगी स्टेपी समाजाला पोखरलं. एकीकडे कोस्लर खझरांना पूर्वज करतात, दुसरीकडे गुमिल्योव्ह त्यांना शत्रू करतात. दोघांनाही आजच्या भांडणासाठी खझर हवे आहेत. माशांच्या सरसाशी दोघांनाही कर्तव्य नाही.

शेवटी एक कागद, कारण तुमच्यापैकी काहींनी विचारलं होतं की खझरांच्या काळातल्या साध्या माणसाचं काही उरलंय का. कैरोच्या जुन्या सिनेगॉगमधल्या कागदांत एक पत्र होतं. नॉर्मन गोल्ब यांना ते १९६२ साली केंब्रिजला सापडलं आणि ओमेल्यान प्रित्साक यांच्याबरोबर त्यांनी ते १९८२ साली प्रसिद्ध केलं, म्हणजे कोस्लर यांच्या पुस्तकानंतर. कीव्हच्या यहुदी समाजाने इतर गावांच्या समाजांना लिहिलेलं आहे, दहाव्या शतकातलं. याकोब नावाचा एकजण. त्याच्या भावाने कर्ज काढलं, हा जामीन राहिला. भावाला वाटेत लुटारूंनी मारलं. सावकारांनी याकोबला धरून बेड्या घातल्या, वर्षभर कोठडीत ठेवलं. गावाने वर्गणी काढून साठ नाणी भरली आणि त्याला सोडवलं, चाळीस राहिली. म्हणून हे पत्र त्याच्या हातात देऊन त्याला गावोगाव मागायला पाठवलंय. खाली सह्या आहेत, काही नावं हिब्रू, काही हिब्रू नसलेली, गोस्ताता, किआबार अशी. आणि एका कोपऱ्यात, तुर्की धाटणीच्या खुणांच्या लिपीत, एकच शब्द. गोल्ब-प्रित्साक यांच्या वाचनाप्रमाणे त्याचा अर्थ ‘मी वाचलं’. या वाचनावर वाद आहे. पण कुणीतरी खझर अधिकारी नाक्यावर बसला होता, त्याच्यापुढून हा कागद गेला आणि त्याने तो मंजूर केला, असं मानायला जागा आहे. कागद कैरोपर्यंत पोहोचला. उरलेली चाळीस नाणी जमली का, ते त्यात लिहिलेलं नाही.

कोस्लर यांच्या पुस्तकाची पहिली चार प्रकरणं वाचा. शक्य झालं तर इब्न फद्लानचा पूर्ण प्रवासवृत्तांत शेजारी ठेवून वाचा, तो इंग्रजीत सहज मिळतो आणि दोन संध्याकाळींत संपतो. आता प्रश्न घेऊया.